कापायचं काय, जपायचं काय: एका रखडलेल्या स्क्रॅपबुकचं प्रकरण

या प्रकरणातल्या दोघींना इथे मावशी आणि भाची एवढंच म्हटलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कागद, गोंद आणि त्यांच्यावरून झालेली भांडणं मात्र जशी होती तशीच ठेवली आहेत.

पार्श्वभूमी

मावशींची सगळी नोकरी नोंदी ठेवण्यात गेली. निवृत्तीनंतर हाताला काही काम हवं म्हणून भाचीने त्यांना स्क्रॅपबुकचा, म्हणजे फोटो आणि आठवणीच्या वस्तू सजवून लावायच्या वहीचा, तयार संच भेट दिला: १२ इंची चौरस अल्बम, नक्षीचे कागद, स्टिकर, रिबिनी, कागदी फुलं आणि नागमोडी कडा कापणाऱ्या कात्र्या. लावायला ऐवज भरपूर होता. कपाटात फोटोंची खोकी होती, चिकट पानांचे जुने अल्बम होते, शिवाय पत्रं, प्रवासाची तिकिटं, पावत्या, वर्तमानपत्रातली कात्रणं आणि वहीत दाबून विसरलेली फुलं.

मावशींनी नोंदी ठेवणाऱ्या माणसासारखाच बेत केला. आई-वडिलांच्या लग्नापासून आजपर्यंत, सालवार, कुणी सुटणार नाही असा सगळ्या घराचा एकच ग्रंथ. आधी यादी केली, मग यादीची दुरुस्ती केली. यादी करताना त्या खुशीत होत्या, हे भाची आजही सांगते. छंदाचा खरा आनंद त्यांना कुठे मिळतो याची खूण तिथेच होती, पण तेव्हा ती कुणाच्या लक्षात आली नाही.

अडचण

सुरुवातीच्या पानांवरच तीन गोष्टी बिघडल्या.

पहिली गोंदाची. मावशींनी घरातला पांढरा गोंद फोटोच्या मागे सढळ हाताने लावला. दुसऱ्या दिवशी पान लाटांसारखं उठलं होतं आणि फोटो धनुष्यासारखा वाकला होता. यात त्यांच्या हाताचा दोष नव्हता. पाणी लागलं की कागदाचे तंतू फुगतात आणि वाळताना आकसतात. फोटोचा कागद आणि अल्बमचं पान सारख्या प्रमाणात आकसत नाहीत, म्हणून दोघांची ओढाताण होते. नव्या रंगीत फोटोंच्या कागदाला तर दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे मागचा ओलावा सुटायला फार वेळ लागतो.

दुसरी गोष्ट कात्रणाची. वर्तमानपत्राचा पिवळा तुकडा त्यांनी फोटोशेजारीच चिकटवला. भाचीने कुठेतरी वाचलं होतं की असा कागद शेजारच्या कागदालाही डागाळतो. तिने ते सांगितलं आणि मावशींचा हात थांबला. आधी लावलेलं काढावं की ठेवावं, हा नवा घोर लागला.

तिसरी गोष्ट सगळ्यांत जिव्हारी लागली. जुन्या कृष्णधवल फोटोला पांढरी किनार होती. पानावर छान दिसावा म्हणून भाचीने ती किनार नागमोडी कात्रीने उतरवली. फोटो उलटा केल्यावर कळलं की मागे कडेला स्टुडिओचा शिक्का आणि हाताने लिहिलेली तारीख होती. शिक्का निम्मा गेला आणि तारखेतलं फक्त ‘१९’ उरलं. कापलेल्या पट्ट्या तोवर केरात गेल्या होत्या.

“मावशी, मला खरंच माहीत नव्हतं गं.”

“तुला कसं माहीत असणार? मीही मागे बघितलं नव्हतं.”

बोलणं एवढंच झालं. त्यानंतर अल्बम मिटला, संच खोक्यात गेला आणि खोकं पलंगाखाली. काही महिन्यांनी भाचीने विषय काढला तेव्हा मावशी म्हणाल्या, “मला नाही जमायचं ते. उगाच चांगल्या वस्तूंची नासाडी.” भाचीला वाटलं, आवड संपली.

माझ्या मते संपली होती ती आवड नव्हे, हिंमत. कागदकामाची सगळी गंमत कापण्यात, चुकण्यात आणि परत कापण्यात असते. समोर असलेली प्रत्येक वस्तू जगात एकुलती एक असेल तर कात्री उचलणारा हात थरथरणारच. या प्रकरणातली मुख्य गाठ हीच होती: जपण्याचं काम आणि खेळण्याचं काम एकाच टेबलावर, त्याच फोटोंवर चाललं होतं.

समोर असलेले पर्याय

दोघींनी पुन्हा बसून विचार केला तेव्हा चार वाटा पुढे आल्या.

संगणकावर मांडणी करून छापील फोटोपुस्तक बनवून घ्यायचं, ही भाचीची सूचना. सुबक, टिकाऊ, हव्या तितक्या प्रती. मावशींनी ती एका वाक्यात नाकारली: “मग त्यात मी काय करायचं?” मला हे उत्तर फार बरोबर वाटतं. पुस्तक हवं असणं आणि पुस्तक करायला आवडणं या वेगळ्या गरजा आहेत.

दुसरी वाट म्हणजे स्क्रॅपबुक सोडून द्यायचं आणि सगळं नीट साठवून ठेवायचं. फोटोंच्या दृष्टीने हा सर्वांत सुरक्षित मार्ग. पण त्यात छंद उरत नव्हता, आवराआवर उरत होती.

तिसरी वाट मूळ फोटोच वापरायचे, पण सुरक्षित साहित्य घेऊन. इथे भाचीने बरीच माहिती गोळा केली आणि ती नोंदवण्यासारखी आहे. वेष्टनावर ‘ॲसिड-फ्री’ लिहिलेलं असलं तर त्याचा अर्थ एवढाच की कागद आत्ता आम्लधर्मी नाही, म्हणजे त्याचा पीएच ७ किंवा त्याहून जास्त आहे. ‘लिग्निन-फ्री’ ही वेगळी गोष्ट. लाकूड यंत्राने दळून केलेल्या लगद्यात लिग्निन राहतं, आणि उजेड-हवा लागून तोच घटक कागदाला पिवळा आणि ठिसूळ करतो. वर्तमानपत्राचा कागद या जातीचा. तिसरी कसोटी ‘फोटोग्राफिक ॲक्टिव्हिटी टेस्ट’ची. आयएसओ १८९१६ या आंतरराष्ट्रीय मानकात ती सांगितली आहे आणि एखादा कागद, गोंद किंवा शाई फोटोच्या प्रतिमेवर परिणाम करते का, ते ती तपासते. फोटोसाठी ही कसोटी सर्वांत कामाची. नुसता ‘फोटो-सेफ’ असा शिक्का असेल आणि कुठल्या कसोटीवर ते लिहिलेलं नसेल, तर त्यावर फार विसंबू नये. या वाटेत फोटो गोंदाने न चिकटवता कागदी कोपऱ्यांत बसवायचे, म्हणजे ते कधीही काढता येतात. मार्ग चांगला, पण कात्रीची भीती तशीच राहत होती.

चौथी वाट साधी होती. मूळ वस्तू बाजूला जपायच्या, त्यांच्या प्रती काढायच्या आणि कापायचं-चिकटवायचं ते फक्त प्रतींवर.

निर्णय कसा झाला

चौथ्या वाटेला मावशींचा आधी विरोध होता. “झेरॉक्सचं पुस्तक कोण बघणार?” आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. जुन्या फोटोचा जाडपणा, त्याची चकाकी, पाठीमागचं कुणाचं तरी अक्षर हे प्रतीत येत नाही. भाचीने वाद घातला नाही. तिने एका फोटोच्या दोन प्रती काढल्या, एक मावशींना दिली आणि म्हणाली, “ही फाडून टाक.” मावशींनी फाडली नाही, पण कापली: आधी माणसं कापून वेगळी केली, मग मागचं झाड वेगळं, मग झाड रंगीत कागदावर आणि माणसं झाडाच्या पुढे. दुपार तिथेच गेली. कुणी काही कबूल केलं नाही, पण निर्णय त्या टेबलावर झाला.

दुसरा निर्णय सालवार ग्रंथाचा. तोही बाजूला ठेवायचा आणि एका विषयाची छोटी-छोटी पुस्तकं करायची, असं ठरलं. मावशींना हे जड गेलं. सालवार लावायचं म्हटलं की आधी सगळं मिळालं पाहिजे, सगळ्याची तारीख कळली पाहिजे, आणि तोवर पहिलं पान लागत नाही. ‘खिडक्या’ किंवा ‘घरातल्या खुर्च्या’ अशा विषयाला तारीख लागत नाही. खुर्च्यांचा विषय मावशींचाच. जुने फोटो चाळताना त्यांना दिसलं की एकच खुर्ची कितीतरी वर्षं वेगवेगळ्या माणसांच्या बुडाखाली आहे.

आधी जपणुकीचं काम

हे काम छंदाच्या टेबलावर करायचं नाही आणि छंदाच्या दिवशीही करायचं नाही, असा नियम केला. नियम भाचीचा, पाळला मावशींनी.

सर्वांत अवघड होते चिकट पानांचे अल्बम. पानावर गोंदाच्या रेघा आणि वर उचलता येणारं प्लास्टिक, ही रचना अनेक घरांत असते. गोंदाची कटकट नको ही इच्छा जुनीच. अमेरिकन लेखक मार्क ट्वेनने १८७३ मध्ये अमेरिकेत आपोआप चिकटणाऱ्या स्क्रॅपबुकचं पेटंट घेतलं होतं. त्यात पानांवर आधीच गोंद असे, तो नुसता ओला करायचा. पुढच्या काळातल्या चिकट अल्बमांनी ओलं करण्याचे कष्टही वाचवले, पण वर्षं गेली की तो गोंद एकतर कोरडा होऊन फोटो सोडून देतो नाहीतर असा धरतो की निघता निघत नाही.

दोघींनी आधी प्रत्येक पान आहे तसंच, फोटो न काढता, स्कॅन केलं. हा क्रम महत्त्वाचा: सोडवताना फोटो फाटला तरी प्रतिमा हातात राहते. लहान फोटो ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) घेतले, म्हणजे ३०० डीपीआयने छापताना मूळच्या दुप्पट लांबी-रुंदीची प्रत स्वच्छ निघते. मग दात साफ करायचा धागा फोटोच्या कोपऱ्याखाली सरकवून, करवतीसारखा हळूहळू पुढे-मागे ओढत फोटो सोडवले. बोटाने कोपरा उचलून ओढायचा मोह टाळायचा, कारण फोटो वाकला की वरचा थर तडकतो. जे फोटो धाग्यालाही दाद देईनात, ते तसेच ठेवून भोवतीचं पान कापून घेतलं. हट्ट न करणं हीसुद्धा एक पद्धत आहे.

मऊ, उग्र वास येणाऱ्या प्लास्टिकची पाकिटं काढून टाकली. ती बहुधा पीव्हीसीची असतात आणि त्यातले घटक फोटोला चिकटतात. त्यांच्या जागी कागदी लिफाफे आणि पॉलिप्रॉपिलिन या दुसऱ्या प्लास्टिकची पाकिटं आली. खोकी माळ्यावरून आणि बाहेरच्या भिंतीलगतच्या कपाटातून काढून आतल्या, कोरड्या खोलीत ठेवली. फोटोमागे लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलने, कडेला, न दाबता. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

पावत्या आणि काही तिकिटं उष्णतेने उमटणाऱ्या कागदाची होती. या कागदात शाई नसतेच. कागदावरचा लेपच तापून काळा होतो आणि कालांतराने विरतो. काही तर आधीच कोऱ्या झाल्या होत्या. उरलेल्यांच्या प्रती त्याच दिवशी काढल्या. कात्रणांचंही तसंच, त्यांच्या प्रती चांगल्या कागदावर छापल्या. मूळ कात्रणं वेगळ्या लिफाफ्यात गेली. झटपट फोटोंच्या कॅमेऱ्यातून निघालेले काही फोटो होते. त्यांना कात्री लावायचीच नाही, कारण त्यांच्या जाड किनारीत आणि थरांमध्ये रसायनं बंद असतात.

मग कागदाशी खेळ

इथून मावशींचं मन रमलं. पहिलं पुस्तक मुद्दाम रद्दी कागदाचं केलं. ए-४ कागदाचे घड्या घालून आठ समान भाग, मध्ये एक चीर, आणि दुमडला की आठ छोट्या पानांची पुस्तिका. ना गोंद, ना शिवण. बिघडली तर नवा कागद. मावशींनी अशा पुस्तिका करायला घेतल्या त्या थांबेनात. शेजाऱ्यांना वाटल्या, वाणसामानाच्या यादीसाठी वापरल्या.

मग खरं पहिलं पुस्तक: पंख्यासारख्या घड्यांचं. ए-३ कागद लांबीच्या दिशेने मधोमध कापला की ४२० बाय १४८ मिलिमीटरच्या दोन पट्ट्या मिळतात. पट्टी दुमडून चार समान भाग केले की प्रत्येक पान बरोबर ए-६ आकाराचं होतं. दोन पट्ट्या जोडल्या की सात-आठ पानं. उलगडलं की सगळं एकदम दिसतं, मिटलं की खिशात मावतं.

पहिल्या प्रयत्नात घड्या फाटल्यासारख्या झाल्या, वर पांढऱ्या रेषा उमटल्या. कारण तंतूंची दिशा. यंत्रावर बनलेल्या कागदाचे तंतू बहुतांशी एकाच दिशेने झोपलेले असतात. घडी त्या दिशेला समांतर असेल तर सहज बसते. आडवी असेल तर कागद विरोध करतो आणि जाड कागद तडकतो. ओळखायची युक्ती सोपी: कागद न मोडता एकदा उभा, एकदा आडवा हलकासा वाकवायचा. ज्या बाजूने तो कमी कुरकुरतो, त्या बाजूची घडी तंतूंना समांतर. शिवाय घडीच्या जागी आधी पट्टी धरून, शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घ्यायची. मावशींच्या खणात असली पेनं भरपूर होती, आणि ती टाकू नयेत हा त्यांचा जुना आग्रह एकदाचा सार्थकी लागला.

गोंदाचं गणितही बदललं. कागदावर कागद लावायला गोंदाची कांडी किंवा दुहेरी चिकटपट्टी. दोन्हींत पाणी कमी किंवा नाहीच. घरच्या प्रिंटरची शाई बहुधा पाण्यात विरघळते, त्यामुळे प्रतीवर पातळ गोंद लागला की रंग पसरतो. पांढरा गोंद फक्त पुठ्ठ्याच्या मुखपृष्ठासाठी ठेवला: पातळ, सर्वत्र सारखा, आणि मग जाड पुस्तकांखाली रात्रभर दाब. पारदर्शक सेलोटेप पूर्ण बंद. ती पिवळी पडते, सुटते आणि डाग मागे ठेवते.

कटरबद्दल एकच सांगतो, कारण बहुतेक हात तिथेच कापले जातात. पातं बोथट असलं की माणूस जोर लावतो आणि जोर लावला की ते घसरतं. पात्याचं टोक वेळेवर मोडून नवं घ्यावं, धातूची पट्टी धरावी आणि एका जोरदार ओढीऐवजी तीन-चार हलक्या ओढी घ्याव्यात.

पुढे उभं राहणारं चित्र आलं. पानाच्या घडीवर दोन समांतर चिरा द्यायच्या आणि मधली पट्टी आत ढकलायची. पान उघडलं की तिचा चौकोनी कट्टा उभा राहतो. त्यावर कापलेली खुर्ची चिकटवली की ती पानातून पुढे येते. पहिल्या वेळी पुस्तक मिटल्यावर खुर्चीचे पाय बाहेर डोकावू लागले. मग हिशेब केला: घडीपासून मोजलेली चिरेची लांबी पानाच्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त नको, कारण मिटताना कट्टा तेवढाच आणखी पुढे जातो. वर चिकटवलेलं चित्रही त्याच हद्दीत राहायला हवं. हा हिशेब मावशींनी स्वतः काढला आणि भाचीला समजावला. तिथून पुढे शिकवणारी कोण आणि शिकणारी कोण हे उलटं झालं.

पत्रांचा पेच

एक निर्णय तंत्राचा नव्हता. मावशींच्या एका जवळच्या नातेवाइकाची जुनी पत्रं होती आणि ती व्यक्ती आता हयात नव्हती. अक्षर सुंदर, मजकूर मात्र त्या दोघांमधला. भाचीला वाटत होतं की पत्राची प्रत पूर्ण पान भरून लावावी. मावशींना पत्र पुस्तकात हवं होतं, पण कुणीही चाळताना वाचावं असं नको होतं.

त्यांनी पाकिटाची आणि पत्त्याच्या अक्षराची प्रत पानावर लावली. त्याच कागदाचा खालचा तिसरा हिस्सा वर दुमडून, दोन्ही कडांना अरुंद दुहेरी पट्टी लावून खिसा केला आणि पत्राची घडी घातलेली प्रत त्यात सरकवली. वाचायचं असेल त्याने हात घालून काढावं लागतं, म्हणजे विचारावं लागतं. मूळ पत्र लिफाफ्यात, खोक्यात. मला या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत चांगला उपाय वाटतो. कागदाची साधी घडी इथे नात्यातली मर्यादा सांभाळते आहे.

फोटोखालच्या ओळींवरूनही खटके उडाले. भाचीला छापील सुवचनं लावायची होती. संचात त्यांचे स्टिकरच होते. मावशींना नाव, गाव, तारीख. शेवटी ठरलं की प्रत्येक पानावर एक वाक्य, मावशींच्या हाताचं, आणि त्यात दुसऱ्या कुणाला माहीत नसलेली एक तरी गोष्ट हवी. खुर्चीच्या एका पानावर लिहिलं आहे: ‘हिचा डावा पाय आखूड होता, खाली पुठ्ठा लावायचो.’ पाण्याने न पसरणाऱ्या रंगद्रव्याच्या शाईचं पेन त्यासाठी घेतलं. संचातल्या महागड्या गोष्टींपेक्षा या एका पेनाचा उपयोग जास्त झाला.

निष्पन्न काय झालं

खुर्च्यांचं पुस्तक पूर्ण झालं, मग खिडक्यांचं, मग एका जुन्या प्रवासाचं, तिकिटांच्या प्रती आणि खिशांसह. एका बैठकीत एकच जोडपान करायचं आणि अर्धवट राहिलेलं सगळं एका मोठ्या ताटलीसारख्या ट्रेमध्ये उचलून ठेवायचं, ही सवय लागली. टेबल जेवणासाठी मोकळं होतं आणि पसाऱ्यावरून घरात कुरबुर होत नाही. घरात छंद टिकण्यात या ट्रेचा वाटा बराच मोठा आहे.

सगळं सुरळीत झालं असं नाही. चिकट अल्बममधल्या काही फोटोंचे कोपरे गेलेच. एका पुस्तकात इतके खिसे आणि उभी चित्रं झाली की ते मिटेना, तोंड वासून बसलं. बांधलेल्या वहीत मधली काही पानं कापून त्यांची सेंटिमीटरभर पट्टी पाठीशी ठेवली असती तर जाडीला जागा मिळाली असती. पुढच्या वहीत तसं केलं. कांडीने चिकटवलेले काही कट्टे उघडझाप करून सुटले, तिथे दुहेरी पट्टी लावावी लागली. फोटोंचं एक खोकं अजून तसंच आहे.

आणखी एक अनपेक्षित वळण: भाचीचा उत्साह ओसरला. तिला आरंभ आवडतो, तिनेच तसं सांगितलं. मावशी मात्र फोटोंकडून नुसत्या कागदाकडे सरकल्या. आता त्या लिफाफे करतात, घड्यांच्या डब्या करतात, तीन मिलिमीटरच्या पट्ट्या गुंडाळून नक्षी करतात. जुन्या आठवणींचा ग्रंथ हे कारण होतं; हाताला हवी होती घडी आणि कात्री. १२ इंची अल्बम त्या सुरुवातीच्या पानांपुढे कोराच आहे.

वेगळं काय करता आलं असतं

भेट म्हणून एवढा मोठा संच देण्याऐवजी एक कटर, धातूची पट्टी, कापायची चटई, गोंदाची कांडी आणि जाड साध्या कागदाचा गठ्ठा दिला असता तर सुरुवात सोपी झाली असती. तयार नक्षी नवशिक्याला मदत करते असं वाटतं. प्रत्यक्षात ती ‘आता हे असंच सुंदर झालं पाहिजे’ असं दडपण आणते. १२० ते २०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) साधा कागद बहुतेक सगळ्या घरगुती कामांना पुरतो.

फोटोची पाठ आधी पाहणं, शक्य तर तिचंही स्कॅन घेणं, हे पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं. अर्ध्या तारखेच्या फोटोचं वर्ष अजून नक्की लागलेलं नाही. उरलेल्या शिक्क्यावरून आणि फोटोतल्या लहान मुलाच्या अंदाजे वयावरून मावशींनी पेन्सिलने ‘सुमारे’ लिहून चार वर्षांची मर्यादा नोंदवली आहे.

स्कॅनची नावं हा दुसरा कच्चा दुवा. पहिल्या झपाट्यात भाचीने फाइलींना कॅमेऱ्याने किंवा यंत्राने दिलेले क्रमांकच राहू दिले, त्यामुळे कुठली प्रत कुठल्या खोक्यातल्या फोटोची हे नंतर शोधत बसावं लागलं. खोक्याचं अक्षर आणि फोटोचा क्रमांक फाइलीच्या नावात घालणं पाच सेकंदांचं काम होतं. हे काम मावशींकडे दिलं असतं तर त्यांनी ते आनंदाने केलं असतं. यादी करण्यातला त्यांचा आनंद तिथे कामी आला असता. कोणाला कशात रस आहे हे आधी ओळखून कामं वाटायला हवी होती, असं दोघींनाही आता वाटतं.

एक प्रश्न मात्र सुटलेला नाही. खुर्च्यांच्या पुस्तकाची एकच प्रत आहे आणि ती भाचीला हवी आहे, भाच्यालाही हवी आहे. सपाट पानं स्कॅन करून दुसरी प्रत छापता येईल, पण खिसे आणि उभी चित्रं स्कॅनमध्ये येत नाहीत. मावशींचं म्हणणं असं की ज्याला हवं त्याने येऊन स्वतः करावं, प्रती छापून देईन आणि चिरा कुठे द्यायच्या ते दाखवीन. भाच्याची आतापर्यंत दोन पानं झाली आहेत, आणि त्यातल्या एका पानावरची खुर्ची मिटल्यावर बाहेर येते.